सहाचा पाढा

इंग्लंडात निवडणूक जवळ आली की तिथली वर्तमानपत्रं एकेका मतदारसंघाचं व्यक्तिचित्र छापायला घेतात. मतदारसंघ म्हणजे जणू एखादे वयस्क गृहस्थ, आणि पत्रकार नुकताच त्यांची विचारपूस करून आलेला, अशा थाटात तो मजकूर असतो. पूर्वी कोळशाच्या खाणीत होते, आता प्रकृती साथ देत नाही, मुलं लंडनला असतात, जन्मभर मजूर पक्षाला मत दिलं पण हल्ली कुणाशीच पटत नाही. याच खटाटोपातून तिथे 'वूस्टर वुमन' ही नमुना-मतदार जन्माला आली आणि २०१९ साली 'वर्किंग्टन मॅन' आला. हा दुसरा गृहस्थ उत्तर इंग्लंडातला, उतारवयाचा, पदवी न घेतलेला आणि रग्बी लीगचे सामने बघणारा. हा ज्याच्या बाजूला, तो पक्ष सत्तेवर, असा सिद्धांत निघाला आणि त्या वर्षीपुरता खराही ठरला. पुढे गंमत अशी झाली की २०२४ च्या निवडणुकीत वर्किंग्टन हा मतदारसंघच राहिला नाही. सीमा बदलल्या, त्याचे तुकडे दोन नव्या मतदारसंघांत गेले आणि ज्याच्या नावावर सिद्धांत उभा होता तो माणूस राहत्या घरी बेघर झाला. ही कला आपल्याकडे आणावी आणि धुळे लोकसभा मतदारसंघाचं असंच एक सुबक व्यक्तिचित्र काढावं, असा मोह कुणालाही होईल. माझं म्हणणं असं की ते निघणार नाही. काढणारा कमी पडतो असं नाही. समोर बसायला कुणी नाही, ही अडचण आहे. धुळे मतदारसंघ नावाची जागा भूगोलात नाही, ती गणितात आहे. आणि हे एकदा मान्य केलं की त्यात वाईट वाटण्यासारखंही फारसं उरत नाही.

गणित चौथीचं आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. सहा म्हणजे सहाच, पाच नाहीत की सात नाहीत. आता नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ चार, धुळे जिल्ह्यात पाच. चार आणि पाच नऊ. दोन खासदार हवेत तर बारा लागतात, तीन कमी पडले. शेजारच्या नाशिक जिल्ह्याकडे पंधरा होते, त्यातल्या बारांत नाशिक आणि दिंडोरी हे दोन मतदारसंघ बसले आणि तीन शिल्लक राहिले: मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. इकडे तीन कमी, तिकडे तीन जास्त. हिशेब जुळला. जळगाव जिल्ह्यातही हेच. तिथे अकरा मतदारसंघ, म्हणजे बाराला एक कमी. बुलढाण्याकडे सात, म्हणजे सहाला एक जास्त. तो एक म्हणजे मलकापूर, तो रावेर लोकसभेला देऊन टाकला. बुलढाण्याने आपल्याकडचा जळगाव-जामोद ठेवून घेतला हे बरंच झालं, नाहीतर जळगाव जिल्ह्यातल्या एका मतदारसंघात दुसरंच जळगाव आणि पहिलं जळगाव तिसरीकडे, असा घोळ टपाल खात्याला निस्तरावा लागला असता. २००८ साली ही पुनर्रचना अमलात आली तेव्हा तिच्यामागे काहीतरी खोल राजकारण असणार असं पुष्कळांना वाटलं. राजकारण असेलही, पण या बाबतीत मला तरी हातच्याच्या पलीकडे काही दिसत नाही. राज्याच्या मतदारसंघांच्या यादीत नंदुरबार पहिलं, धुळे दुसरं, जळगाव तिसरं आणि रावेर चौथं. कुठल्याही सरकारी यादीत खानदेश पहिल्या चारांत असण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग, आणि त्या चारांतले दोन मतदारसंघ शेजाऱ्याकडून उसने घेऊन पुरे केलेले.

उसनवारीचे परिणाम मजेशीर आहेत. धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. नंदुरबारची जागाही राखीव. म्हणून ते दोन्ही तिकडे गेले आणि नंदुरबारचे सहाही विधानसभा मतदारसंघ राखीव झाले. मग धुळे मतदारसंघात धुळे जिल्ह्याचं उरलं काय? धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा. सहापैकी तीन. उरलेले तीन नाशिक जिल्ह्याचे. म्हणजे नाव धुळ्याचं, भागीदारी निम्मी. शिरपूरच्या माणसाचे जिल्हाधिकारी धुळ्याला आणि खासदार नंदुरबारचे. मालेगावच्या माणसाचे जिल्हाधिकारी नाशिकला आणि खासदार धुळ्याचे. आग्रा रोडवर उभं राहून दोघांनी आपापल्या कामाला निघायचं ठरवलं तर एकमेकांना ओलांडून जातील. या गणिताचा सर्वांत मोठा मानकरी म्हणजे शिरपूरचे अमरीशभाई पटेल. शिरपूर म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं, पण लोकसभेला उभं राहायचं तर शिरपूर राखीव मतदारसंघात गेलेलं. ते २००९ आणि २०१४ साली धुळ्यातून लढले, म्हणजे ज्या मतदारसंघात आपलं गावच नाही तिथून, आणि दोन्ही वेळा हरले. तिकडे एरंडोलची कथा आणखी वेगळी. एरंडोल हा २००८ पर्यंत स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असं तिथले लोक सांगतात. भीमाने बकासुराला मारून गाव वाचवलं, असंही सांगतात. बकासुराच्या तावडीतून सुटलेलं गाव पुनर्रचना आयोगाच्या तावडीतून सुटलं नाही. आयोगाने त्याचं लोकसभेतलं नाव काढून घेतलं आणि जळगाव मतदारसंघात सहापैकी एक म्हणून बसवलं. बकासुर निदान रोज एकच माणूस मागत होता.

यावर इंग्लंडचं उदाहरण देणारे लोक असतात. तिथे म्हणे असं चालत नाही, तिथे लोकांना विचारतात. खरं आहे, विचारतात. तिथल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांच्या मधून टेमार नावाची नदी वाहते. मतदारसंघ सारख्या आकाराचे करायचे म्हणून २०११ च्या कायद्याच्या निमित्ताने असा एक मतदारसंघ सुचवला गेला की ज्याचा अर्धा भाग नदीच्या अलीकडे आणि अर्धा पलीकडे. कॉर्नवॉलचे लोक रस्त्यावर आले. त्या प्रस्तावित मतदारसंघाला त्यांनी 'डेव्हनवॉल' असं टिंगलीचं नाव ठेवलं. पंतप्रधान कॅमेरून वैतागून म्हणाले की ही टेमार आहे, ॲमेझॉन नव्हे. पण शेवटी तो मतदारसंघ झालाच नाही. पुढच्या पुनर्रचनेत कॉर्नवॉलला त्याच्या सहा जागा परगण्याच्या हद्दीतच मिळाल्या. आता आपल्याकडे बघा. रावेरमध्ये मलकापूर आलं म्हणजे खानदेशाची आणि विदर्भाची हद्द ओलांडली. विदर्भाचा अनुशेष वेगळा, २०२० पर्यंत विदर्भाचं वैधानिक मंडळही वेगळं, वेगळ्या राज्याची मागणी वेगळी. आणि हे सगळं ज्यांचं आहे त्या मलकापूरकरांचा खासदार मात्र केळीच्या पट्ट्यातला. कॉर्नवॉलच्या मापाने बघितलं तर नळगंगेच्या काठी निदान एक तरी मोर्चा निघायला हवा होता. तसा एखादा निघाला असेल तर त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचला नाही. आमच्या कायद्यातही लोकांचा विचार आहेच. प्रदेश सलग असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असं परिसीमन कायद्यात लिहिलेलं आहे. हरकती मागवतात, सुनावण्या होतात. पण एकदा आदेश निघाला की संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे कोर्टाचं दार जवळजवळ बंद. आणि सहाच्या पाढ्याविरुद्ध हरकत घेणार तरी काय? सहा आठे अठ्ठेचाळीस नाहीत, असं सांगता येत नाही.

तरीही प्रयत्न करून बघू. 'धुळे मॅन' कसा असेल? समजा, तो मालेगावात मोसम नदीच्या पलीकडे राहतो, यंत्रमागावर काम करतो, घरात उर्दू बोलतो. त्याचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर. संध्याकाळी तो चहाच्या टपरीवर सिनेमावर बोलतो, कारण त्याच्या गावाने 'शोले' आणि 'सुपरमॅन'सुद्धा आपल्या पद्धतीने पुन्हा काढून दाखवले आहेत. ठीक. पण याच मतदारसंघात सटाण्याजवळ एक शेतकरी आहे. त्याच्या बोलण्यात डाळिंबावरचा तेल्या रोग आणि कांद्याचा भाव याशिवाय तिसरा विषय नसतो, आणि पावसाळ्यात त्याला साल्हेरचा किल्ला दिसतो. हा किल्ला महाराष्ट्रातला सर्वांत उंच. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं आणि २०२५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. जवळच मांगीतुंगीच्या डोंगरात ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. तिथून उठून पार दुसऱ्या टोकाला तापीच्या काठी शिंदखेडा तालुक्यात जा. तिथला माणूस कापूस लावतो, दोंडाईच्याच्या बाजारात मिरची विकतो आणि त्याला साल्हेर किती लांब आहे हे विचारलं तर तो सुरत किती लांब आहे ते सांगतो. मधे धुळे शहर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे अर्धा भारत धुळ्यावरून जातो आणि फारच थोडा तिथे उतरतो. शहराच्या पोटात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे आणि १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली तो तुरुंग आहे. साने गुरुजी समोर बसून ती लिहून घेत होते. कैद्यांच्या वेळापत्रकातून इतकं वाङ्मय काढणारं दुसरं शहर महाराष्ट्रात सापडणं कठीण. आता या चौघांना एका माणसात बसवून 'धुळे मॅन' तयार करा. माग चालवणारा, डाळिंब फवारणारा, मिरची निवडणारा आणि हस्तलिखितं चाळणारा. असा माणूस मिळाला तर त्याला खासदार करावं. मतदार म्हणून तो वाया जाईल.

एक आक्षेप इतिहासाच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. मालेगाव आणि बागलाण तुम्ही उसने कसले म्हणता? ते मूळचे खानदेशाचेच. १८६९ साली इंग्रजांनी नाशिक जिल्हा केला तेव्हा ते खानदेशातून काढून तिकडे जोडले. आयोगाने १३९ वर्षांनी फक्त माल मूळ मालकाला परत केला. शिवाय मालेगावहून नाशिकपेक्षा धुळे निम्म्या अंतरावर. बागलाणात आणि मालेगावच्या खेड्यांत अहिराणी चालते, आणि मालेगावात तयार होणाऱ्या विनोदी चित्रफितींवरसुद्धा 'खानदेशी कॉमेडी' असाच शिक्का असतो. हे सगळं कबूल. पण मतदारसंघ संस्कृतीने आखायचा असं एकदा ठरवलं की तो थांबवायचा कुठे? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्या घरी कानबाई देवी बसते आणि तिचे रोट होतात, ती घरं एका रेषेने जोडत जाऊ. धुळे आलं, नंदुरबार आलं, अमळनेर-पारोळ्याकडचा जळगाव जिल्हा आला, बागलाण आलं. रेषा पुढे सरकते ती नवापूरवरून थेट सुरतमध्ये, उधना आणि लिंबायतच्या गल्ल्यांत. कारण खानदेशातलं पाणी आटलं की माणसं तिकडेच जातात आणि कानबाई बरोबर घेऊन जातात. उधना, लिंबायत हे भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात आणि तिथले खासदार सी. आर. पाटील हे जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. २०२४ साली ते ७ लाख ७३ हजारांवर मतांनी निवडून आले आणि देशाचे जलशक्तिमंत्री झाले. म्हणजे पाणी नाही म्हणून खानदेशी माणूस गुजरातेत गेला आणि तिथून निवडून येऊन देशाच्या पाण्याचा मंत्री झाला. संस्कृतीच्या हिशेबाने खानदेशाचे खासदार चार नसून पाच आहेत, फक्त पाचवा दुसऱ्या राज्याच्या कोट्यातला. आणि पूर्वेला रावेर-यावलकडे गेलं तर अहिराणीच्या जागी लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी आणि तडवींची बोली. तिथे संस्कृतीची रेषा वेगळीच वळणं घेणार. तेव्हा इतिहासाने मालेगाव धुळ्याला बहाल केलं तरी मतदारसंघाला चेहरा येत नाही. एक जुना नातेवाईक परत आला, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो २०२४ च्या निकालातून येतो. कसला चेहरा नाही म्हणता, निकाल तर एकट्या मालेगाव मध्यने लावला! आकडे असे: काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मतं, भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांना ५,८०,०३५. फरक ३,८३१. दोन्ही उमेदवार डॉक्टर, आणि रुग्ण रात्री उशिरापर्यंत टेबलावर. पाच विधानसभा मतदारसंघांची बेरीज भामरे यांच्या बाजूला सुमारे एक लाख नव्वद हजारांनी झुकलेली. सहाव्यात, मालेगाव मध्यमध्ये, बच्छाव यांना १,९८,८६९ आणि भामरे यांना ४,५४२. एका ठिकाणच्या आघाडीने पाच ठिकाणची आघाडी पुसली. या एकगठ्ठा मतदानावर महाराष्ट्रात पुढचे सहा महिने जे बोललं गेलं ते सर्वांच्या कानावर आहे, त्यात भर घालायची नाही. पण वजाबाकी ज्यांनी केली त्यांनी एक भागाकारही करून बघायला हवा होता. बच्छाव यांच्या एकूण मतांतून मालेगाव मध्यची मतं काढली तर ३ लाख ८४ हजारांवर उरतात. म्हणजे त्यांच्या दर तीन मतांतली जवळजवळ दोन त्या गाजलेल्या मतदारसंघाच्या बाहेरून आली. धुळे तालुक्यातून, शिंदखेड्यातून, बागलाणातून, मालेगावच्या खेड्यांतून. ती नसती तर मालेगाव मध्यचं एकमत हे नुसतं एकमत राहिलं असतं. अटीतटीच्या निकालात शेवटचं मत कुठलं, हे ठरवता येत नाही. दोन हजार मतं कुठल्याही कोपऱ्यात इकडची तिकडे झाली असती तरी निकाल फिरला असता, आणि ते श्रेय मग त्या कोपऱ्याला द्यावं लागलं असतं. शिवाय एकगठ्ठा म्हणून ज्याची ख्याती झाली त्या मालेगाव मध्यने बरोबर सहा महिन्यांनी काय केलं? लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. विधानसभेला तिथले मुफ्ती मोहम्मद इस्माईल निवडून आले ते १६२ मतांनी. एकगठ्ठा म्हणतात तो गठ्ठा मधोमध असा फुटला की दोन्ही भाग तराजूत घातले असते तर काटा हलला नसता. त्याच दिवशी शेजारच्या मालेगाव बाह्यमध्ये दादा भुसे लाखाच्या वर मतांनी जिंकले आणि बागलाणात दिलीप बोरसे एक लाख एकोणतीस हजारांवर. एकाच लोकसभा मतदारसंघात एकीकडे १६२ आणि दुसरीकडे सव्वा लाख. याचं सरासरी व्यक्तिचित्र काढणाऱ्याला माझा नमस्कार.

आणि ठोकताळ्यांचं तर धुळ्याशी पूर्वीपासूनच जमत नाही. १९५७ साली भारतीय जनसंघाचे देशभरातून चारच खासदार निवडून आले. त्यातले अटलबिहारी वाजपेयी उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरचे, हे सगळ्यांना माहीत असतं; धुळ्याचे उत्तमराव पाटील हे चौघांतलेच एक, हे धुळ्यालासुद्धा आठवण करून द्यावं लागतं. ती संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. पुढे ही जागा राखीव झाली, काँग्रेसची झाली, भाजपची झाली, पुन्हा खुली झाली आणि प्रत्येक वेळी जाणकारांनी तिला नवा स्वभाव चिकटवला. रावेरकडे बघितलं तरी तेच. तिथे काही काळ एकाच घरातले सासरे एका पक्षाचे आमदार आणि सून दुसऱ्या पक्षाची खासदार होती. एका घरात दोन पक्ष सुखाने नांदू शकतात तर एका मतदारसंघात खानदेश आणि विदर्भ नांदायला हरकत काय?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. असला विस्कळीत मतदारसंघ असला तर खासदार भेटणार कसा, आणि तो आपला वाटणार कसा? भेटण्याचा प्रश्न मतदारसंघ विस्कळीत आहे म्हणून नाही, तो अवाढव्य आहे म्हणून आहे. इंग्लंडात एका मतदारसंघात साधारण ७० ते ७७ हजार मतदार ठेवण्याचा नियम आहे. धुळ्यात २० लाखांवर आहेत. म्हणजे एका धुळ्यात इंग्लंडचे पंचवीसहून जास्त खासदार बसतील, आणि बाहेर त्यांच्या गाड्या लावायला जागा उरणार नाही. तिथल्या खासदाराने रोज शंभर मतदारांना भेटायचं ठरवलं तर दोन वर्षांत एक फेरी पूर्ण होते. धुळ्याच्या खासदाराने ठरवलं तर चोपन्न-पंचावन्न वर्षं लागतील, आणि त्यात लग्नसराई धरलेली नाही. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. वीस लाख मतदारांत वाटला तर डोई पंचवीस रुपये. पंचवीस रुपयांत धुळ्यात शेवभाजीची प्लेट येत नाही. फार तर वरची शेव येईल, रस्सा पुढच्या पंचवार्षिकला. राहिला आपलेपणाचा मुद्दा. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही निवडून द्याल तो ब्रिस्टलचा हस्तक नव्हे, देशाच्या संसदेचा सभासद. भाषण अजरामर झालं. १७८० साली हाच बर्क ब्रिस्टलमधून उभा राहिला, हरणार हे दिसताच मैदान सोडून गेला. तत्त्व बरोबर होतं, फक्त मतदारांना ते आवडलं नव्हतं. खानदेशातही तत्त्वाला कुणी नाही म्हणत नाही. संसदेत बोला, जरूर बोला, पण कुणाच्या घरी मयत झाली तर दारावर आलात का, आखाजीला गावात दिसलात का, गाडीला थांबा मिळाला का, हे आधी सांगा. २०२४ साली बच्छाव नाशिकच्या, म्हणजे बाहेरच्या, असा ओरडा झाला. ज्या मतदारसंघाचा निम्मा भाग नाशिक जिल्ह्यातला आहे तिथे नाशिकची व्यक्ती बाहेरची, आणि शिरपूरची धुळ्यातली, हे ठरवायला कुठला नकाशा वापरावा? माझं प्रामाणिक मत असं की इथे प्रत्येकच उमेदवार सहापैकी पाच ठिकाणी बाहेरचा असतो. आणि त्यातच या गणिताचा उपयोग आहे. जो फक्त आपल्या माणसांत मतं मागतो त्याला एका सहाव्या हिश्शाच्या पुढे जाता येत नाही. सटाण्याच्या माणसाला मालेगावच्या मागाचे विजेचे दर माहीत करून घ्यावे लागतात, मालेगावच्या माणसाला कांद्याची निर्यातबंदी समजून घ्यावी लागते. प्रेमाने नाही, तर हिशेबाने. पण प्रेमावर अवलंबून राहिलो असतो तर आत्तापर्यंत कोण कोणाच्या गावी गेलं असतं, हाही विचार करण्यासारखा आहे.

कुणी म्हणेल, मग या सहा तुकड्यांना जोडणारं काहीच नाही का? आहे की. मनमाड-इंदूर रेल्वे. मनमाडहून मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर असा हा मार्ग. मतदारसंघाच्या तीन-चार तुकड्यांना एकाच दोऱ्यात ओवणारी ही एकमेव गोष्ट, आणि ती अजून अस्तित्वात नाही. अनेक पिढ्यांनी तिची मागणी केली, सर्वेक्षणं झाली, आश्वासनं झाली. २०१९ साली धुळे-नरडाणा टप्प्याची कोनशिला बसली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पूर्ण मार्गाला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर आणि १८ हजार ३६ कोटी रुपये. या रेल्वेच्या बाबतीत मालेगावचा विणकर, धुळ्याचा व्यापारी आणि शिंदखेड्याचा शेतकरी यांचं इतकं एकमत आहे की पत्रकाराला व्यक्तिचित्र काढायचंच असेल तर त्याने रुळांचं काढावं. न आलेल्या गाडीवर सगळ्यांचा सारखाच हक्क असतो. ती आली की पहिल्याच आठवड्यात एक्स्प्रेसला कुठे थांबा द्यायचा यावर निवेदनं निघतील, आणि तोपर्यंत नव्या जनगणनेनंतरची पुनर्रचना दाराशी आलेली असेल. तेव्हा पाढा सहाचा राहतो की सातचा होतो कोण जाणे. शिरपूरकर धुळ्यात परतायचं म्हणतील, एरंडोलकर जुनं नाव मागतील, मालेगावकर स्वतंत्र जिल्ह्याचा अर्ज पुन्हा एकदा टाइप करून घेतील, आणि खासदार मात्र त्या सर्वांना एकच उत्तर देतील की आधी थांब्याचं बघू.